अपडेट आलं की पोटात गोळा येतो, तुमचं काय होतं?

अक्षरजुळारी | शुक्रवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज लिहायला बसलोय कारण आजचा दिवस डोक्यातून जाईना. तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. वडिलांचा छापखाना होता, खिळे जुळवायचे ते, मी कॉम्प्युटरवर आलो एवढाच फरक. दोन मशीन, एक लेझर प्रिंटर, आणि कामं म्हणाल तर लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका.

काल रात्री साडेनऊला मशीन नीट शटडाऊन करून घरी गेलो. सकाळी नऊला येऊन बटण दाबलं तर स्क्रीनवर ठिपके फिरतायत आणि खाली 'अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका', ३० टक्के. म्हटलं होईल दहा मिनिटांत. साडेनऊला एक पाव्हणे आले, मुलीचं लग्न बारा दिवसांवर, ६०० पत्रिका, प्रूफ दोनदा वाचून झालेलं, फक्त एक नाव घालायचं आणि प्लेटला पाठवायचं. खिशातून वहीच्या कागदाची घडी काढली त्यांनी, त्यावर निमंत्रकांची आणि आप्तेष्टांची नावं, काही खोडलेली, काही बाणाने वर नेलेली, आणि तळाशी निळ्या पेनाने वेगळं लिहिलेलं मुलीच्या आत्याचं नाव. "दादा, हे राहिलं तर घरात बोलणं व्हायचं, तेवढं घाला." मी म्हटलं बसा, चहा मागवतो.

३० वर पाऊण तास. मग ७०, मग रिस्टार्ट, मग परत ३०. डेस्कटॉप दिसला तेव्हा घड्याळात १०.५० झालेले. आणि त्यानंतर खरं दुखणं सुरू झालं, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला मशीनला लावावी लागते ती छोटी किल्ली) मशीन ओळखेना आणि दुसऱ्या मशीनला लावलेला प्रिंटर नेटवर्कवर दिसेना. कालपर्यंत सगळं चालू होतं हो. मी काहीही बदललेलं नाही, काही नवीन टाकलेलं नाही. शेवटी फाईल पेनड्राईव्हवर घेऊन शेजारच्या दुकानात गेलो तर तिथं फॉन्टचं व्हर्जन वेगळं, 'शुभाशीर्वाद' मधला रफार उडाला, 'कार्यालय' चं 'कायालय' झालं. एक एक शब्द हाताने दुरुस्त करायला लागलो तर ओळी पुढे सरकल्या, आख्खी चौकट बिघडली. एकची एसटी गाठायची म्हणून पाव्हणे उठले. उद्या येतो म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं, मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

कुठली सिस्टिम, कुठल्या कंपनीचं डोंगल हे मुद्दाम लिहीत नाहीये, नाव आलं की धागा भलतीकडे जातो. मला एवढंच विचारायचंय की मशीन मी विकत घेतलं, लाईटबिल मी भरतो, गिऱ्हाईकाला शब्द मी देतो, मग ते कधी बंद राहणार हे मला न विचारता कोण ठरवतं? तुम्ही लोक काय करता ते सांगा.

---

सेतूताई | शुक्रवार, रात्री ११.२५

दादा, वाचताना अगदी माझंच वाचतेय असं वाटलं. माझं दाखल्यांचं केंद्र आहे. जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा, जातीचा, नॉन क्रिमीलेअरचा दाखला यासाठी सकाळी आठपासून लाईन असते, ॲडमिशनची तारीख ठरलेली असते आणि अशा वेळी गेल्या वर्षी एका अपडेटनंतर आमचं अंगठ्याचं मशीन बंद पडलं. मशीनवरचा लाईट लागतो पण सॉफ्टवेअर म्हणतं डिव्हाईस सापडलं नाही. ड्रायव्हर काढा परत टाका, पोर्ट बदला, सगळं केलं, दीड दिवस गेला. वाडीवरून एक आजी पेन्शनच्या कामासाठी दोन दिवस लागोपाठ आल्या एसटीनं, दोन्ही दिवस परत पाठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "माझाच अंगठा झिजलाय का गं?" त्यांना काय सांगू अपडेट म्हणजे काय ते.

अजून एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्याकडे वायफाय नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक असतो. अपडेट मागच्या मागे डाऊनलोड होतं आणि दुपारी बारालाच डेटा संपला असा मेसेज येतो.

---

जुनीवही | शनिवार, सकाळी ७.०५

मी तर अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकलीय. दोन वर्षं झाली. किराणा होलसेलचा हिशोब आहे माझा, एकदाही अडचण आली नाही. चालणाऱ्या गाडीचं इंजिन कशाला खोलायचं? अक्षरजुळारी, तुम्हीही बंद करा आणि निवांत राहा.

---

सर्व्हरखोली | शनिवार, सकाळी ९.४०

पुण्यात एका कंपनीत साडेचारशे मशीन सांभाळतो, अपडेटवरून शिव्या खाणं हेच माझं काम आहे म्हटलं तरी चालेल. अक्षरजुळारी, सेतूताई, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. पण जुनीवही, तुमचा सल्ला मी कुणालाही देणार नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहितो.

२०१७ चं आठवा. मायक्रोसॉफ्टने मार्चच्या १४ तारखेला विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला, जगभर फायली कुलूपबंद, ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांची कामं थांबली. मधले आठ आठवडे ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्याच मशीनमध्ये तो त्या भोकातून शिरला. आणि २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला तेव्हा तर आपल्या दारात, न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनल बंद पडलं. त्यानेही इतर युक्त्यांबरोबर तेच भोक वापरलं.

आता यातली दुसरी बाजू पण सांगतो कारण ती लपवणं योग्य नाही. नॉटपेट्या मुळात पसरला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच विष कालवलं, ज्यांनी विश्वासाने अपडेट घेतलं ते आधी बुडाले. म्हणजे घेतलं तरी धोका, नाही घेतलं तरी धोका. म्हणून मी म्हणतो की घ्यायचं, पण आपल्या वेळेला आणि थोडं थांबून.

थांबून म्हणजे कसं? मायक्रोसॉफ्ट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सिक्युरिटी अपडेट देतं. अमेरिकेत ते सकाळी दहाला निघतं, आपल्याकडे तेव्हा मंगळवारचे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपल्यासाठी महत्त्वाचा दिवस त्यानंतरचा बुधवार. आम्ही बुधवारी फक्त दहा-बारा मशीनवर टाकतो, तीसुद्धा आमच्याच टीमची. चार-पाच दिवस बघतो, प्रिंटर, बायोमेट्रिक, टॅली, सगळं तपासतो, मग बाकीच्यांना. सोमवारी कधीही नाही, महिनाअखेर कधीही नाही.

घरगुती किंवा दुकानातल्या विंडोजवर काय करता येतं ते: सेटिंग्जमध्ये अपडेट ३५ दिवसांपर्यंत पॉज करता येतं. ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे मशीन वापरात असण्याचे तास, ठरवा, १८ तासांपर्यंत देता येतात, त्या वेळात ते आपणहून रिस्टार्ट मारत नाही. सेतूताई, तुमच्या हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड' करा, मग बहुतेक अपडेट मोबाईल डेटावर उतरणार नाहीत. आणि दुकान बंद करताना शटडाऊनच्या मेनूत 'अपडेट अँड शटडाऊन' दिसलं तर समजायचं की उद्या सकाळी वेळ लागणार, म्हणजे रात्रीच बसून पूर्ण करून घ्यायचं.

---

डोंबिवलीकरीण | शनिवार, सकाळी १०.१५

आणि लाईट गेली तर? अपडेट अर्धवट असताना लाईट गेली की काय होतं हे कुणी अनुभवलंय का? आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात नेमकं तेच झालं, यूपीएस वीस मिनिटं चाललं, अपडेट पाऊण तास. नंतर मशीन नुसतं रिस्टार्टच होत राहिलं. मुलीचा पीएचडीचा डेटा त्यात होता. दुरुस्तीवाल्याने हार्डडिस्क काढून वाचवला म्हणून, नाहीतर विचार करवत नाही. मेसेज लिहिणाऱ्यांना 'बंद करू नका' एवढंच लिहिता येतं, पण बंद करणारी मी नाहीये ना.

---

जुनीवही | शनिवार, सकाळी ११.००

@सर्व्हरखोली, जेएनपीटीचं माहीत नव्हतं. पण साहेब, तुमच्याकडे दहा-बारा मशीन नुसती तपासायला आहेत. माझ्याकडे एकच आहे. मी कशावर तपासू? बिघडलं तर माझाच गल्ला बंद. तुम्ही सांगता ते मोठ्या कंपनीला ठीक आहे, आमच्यासारख्यांवर ते सोडून दिलेलं आहे.

---

पूर्वाश्रमीची_टेस्टर | शनिवार, दुपारी १.३०

जुनीवहींनी अगदी नेमकं बोट ठेवलंय. मी अमेरिकेत असते, बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली (कंपनीचं नाव नको). त्यामुळे हा विषय मला आतून लागतो.

आमच्या लॅबमध्ये एक लांबच लांब टेबल होतं. त्यावर वीसेक जुने प्रिंटर, स्कॅनर, बारकोड वाचणारी यंत्रं, पिवळी पडलेली, काहींच्या कंपन्या बंद झालेल्या. प्रत्येक नवीन बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी प्रत, आली की आम्ही त्या प्रत्येकावर एक पान छापून बघायचो. कंटाळवाणं काम, पण मला आवडायचं, कारण कुठेतरी कुणीतरी अजून तेच वापरतंय हे माहीत असायचं. एका वर्षी खर्च कमी करायचा म्हणून ते टेबल हलवलं, मग माणसं हलवली, त्यात मीही. ऑटोमेशन आलं आणि वापरणाऱ्यांकडून येणारा डेटा आला. ऑटोमेशन वाईट नाही, हजार गोष्टी रात्रीत तपासून देतं, पण ते आधी कुणाला सुचलेलंच तपासतं. अक्षरजुळारींचं डोंगल किंवा सेतूताईंचं अंगठ्याचं यंत्र त्या यादीत असेल तरच.

मोठं उदाहरण जे सगळ्यांना माहीत आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं मोठं अपडेट निघालं, १८०९ नावाचं. काही लोकांचे डॉक्युमेंट्स, फोटो गायब झाले. चारच दिवसांत, ६ तारखेला, मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं आणि परत द्यायला १३ नोव्हेंबर उजाडला. कारण काय निघालं, तर ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर सी ड्राईव्हवरून दुसरीकडे वळवलं होतं पण जुन्या जागी काही फायली शिल्लक होत्या, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटने जास्तीचं समजून काढून टाकलं, आतल्या फायलींसकट. आणि मला सगळ्यात जास्त दुखलं ते हे, की आधी प्रायोगिक आवृत्ती वापरणाऱ्या काही लोकांनी फायली जातायत अशी तक्रार नोंदवलेली होती. पण त्या तक्रारींना इतरांची मतं कमी पडली, त्यामुळे त्या खालीच राहिल्या. नंतर त्यांनी तक्रार किती गंभीर आहे हे सांगायची वेगळी सोय केली. पण जिचे दहा वर्षांचे फोटो गेले तिच्या तक्रारीला मतं किती पडली हे मोजायचंच का? लॅबमधल्या एखाद्या माणसाने ती एक ओळ वाचली असती तर तो खुर्चीतून उठला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की तपासणी बंद झाली नाहीये, ती फक्त लॅबमधून उचलून जुनीवहींच्या गल्ल्यावर आणि दादांच्या दुकानात आणून ठेवलीय, पगाराशिवाय आणि न विचारता.

---

पेंग्विनप्रेमी | शनिवार, दुपारी ३.१०

लिनक्स टाका, हे सगळं संपेल. त्यातलंच मिंट वापरतोय सात वर्षं. अपडेट कधी घ्यायचं ते मी ठरवतो, आधी टाईमशिफ्टने स्नॅपशॉट घेतो, बिघडलं तर पाच मिनिटांत मागे.

---

सर्व्हरखोली | शनिवार, दुपारी ३.४५

स्नॅपशॉटचं पटलं, ते प्रत्येक सिस्टिममध्ये इतकं सोपं हवं. पण संपेल वगैरे नको रे. उबंटू हेही लिनक्सच, त्याची १७.१० आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये डाऊनलोडवरून काढावी लागली होती कारण काही लॅपटॉपचं बायोसच (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) बिघडत होतं. ॲपलचं पण तेच, सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ आलं आणि नव्याकोऱ्या आयफोन ६ वरचं नेटवर्क गेलं, तासाभरात मागे घेतलं. आणि अक्षरजुळारींचं फॉन्टचं सॉफ्टवेअर, डोंगल, सेतूताईंचं बायोमेट्रिक, हे लिनक्सवर चालणार आहे का? माणसं सिस्टिम वापरत नसतात, तिच्यावर चालणारं एक सॉफ्टवेअर वापरत असतात, त्याला सोडून जाता येत नाही.

---

भाऊसाहेब_निवृत्त | शनिवार, संध्याकाळी ६.२०

मी ७१ वर्षांचा आहे, शाळेतून निवृत्त. कॉम्प्युटरवर गावाचा इतिहास लिहितोय, दोनशे पानं झाली. माझा लॅपटॉप जुना पण चांगला चालतो. आता सारखा मेसेज येतो की या लॅपटॉपवर नवीन आवृत्ती चालणार नाही. मुलगा म्हणतो नवीन घेऊ. चालतं यंत्र टाकून द्यायचं माझ्या मनाला पटत नाही. त्यात मला ते मेसेज नीट कळतही नाहीत, 'नंतर आठवण करा' आणि 'नको' यात नको चं बटण कुठे असतं तेच सापडत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

---

सर्व्हरखोली | शनिवार, संध्याकाळी ७.००

सर, नमस्कार. तुमच्याकडे विंडोज १० असेल असं धरून सांगतो. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि ठराविक पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१६-१७ चे धडधाकट लॅपटॉप पण बाहेर पडले. घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात, सेटिंग्जमध्ये अपडेटच्याच पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो, मुलाला सांगा. पण त्याआधी आजच्या आज एक करा, ती दोनशे पानं एका पेनड्राईव्हवर आणि एकदा स्वतःलाच ईमेलवर. बाकी सगळं नंतर.

आणि याच १४ ऑक्टोबरला ११ चं जे अपडेट आलं त्याने रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते. म्हणजे मशीन बिघडल्यावर ज्या दारातून आत जायचं त्याचंच कुलूप अडकलं. दुरुस्ती २० तारखेला आली. लोकांना १० सोडून इकडे या म्हणायचं आणि त्याच दिवशी हे, याचा मला फार राग आला होता.

---

भटकी_फाईल | शनिवार, रात्री ९.१५

१९ जुलै २०२४ कुणीच काढलं नाही? शुक्रवार होता, मी विमानतळावर अडकले होते, सगळे बोर्ड बंद. काही ठिकाणी इंडिगोने हाताने लिहून बोर्डिंग पास दिले, त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. तेव्हापासून मी अपडेट म्हटलं की घाबरते.

---

पूर्वाश्रमीची_टेस्टर | शनिवार, रात्री ९.५०

ते विंडोजचं अपडेट नव्हतं हे सांगायला हवं, क्राऊडस्ट्राईक या सिक्युरिटी कंपनीची एक छोटी फाईल होती. पण ती विंडोजच्या गाभ्यात चालते म्हणून सगळं मशीनच कोसळायचं. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर. चूक काय, तर प्रोग्रॅमला २० रकाने मिळत होते आणि नव्या फाईलने २१ वा मागितला. भारतातल्या वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या पुढे ती निघाली, दीडेक तासात मागेही घेतली, पण जी मशीन पडली होती त्यांच्यापुढे बऱ्याच ठिकाणी माणसाने जाऊन बसावं लागलं, सेफ मोडमध्ये, एकेक करून फाईल पुसत. सगळ्या जगाला एकदम न देता आधी थोड्यांना दिली असती तर तिथेच कळलं असतं. आता ते टप्प्याटप्प्याने देतात.

---

सेतूताई | शनिवार, रात्री १०.३०

मी एवढं शिकलेली नाही पण मला एक कळत नाही. सिक्युरिटीचं अपडेट हवंच, ते जेएनपीटीचं वाचून पटलं. पण त्याच्याबरोबर नवीन बटणं, नवीन मेनू, कुठल्याशा बातम्यांची पट्टी, न मागितलेलं ॲप हे सगळं एकाच पिशवीत का घालून देतात? दुधाची पिशवी घेताना कुणी सोबत चार वस्तू घ्यायलाच लावल्या तर आपण घेऊ का? आणि त्या अपडेटमध्ये नक्की काय बदललं हे साध्या मराठीत दोन ओळी लिहून द्यायला काय हरकत आहे, मशीनची भाषा मराठी ठेवता येते तर हेही करता येईल.

---

जुनीवही | रविवार, सकाळी ८.१०

काल रात्री बंद केलेली सर्व्हिस चालू केली. मनावर दगड ठेवून. आधी टॅलीचा बॅकअप दोन पेनड्राईव्हवर घेतला. बरीच अपडेट्स आली, साडेतीन तास लागले, तीन रिस्टार्ट. चालू झालंय, प्रिंट निघते. सर्व्हरखोली, तुमच्यामुळे केलं. पण मत बदललेलं नाही, माझ्यासारख्या एका मशीनच्या माणसाला मागे यायचं बटण समोर, मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे.

---

सर्व्हरखोली | रविवार, सकाळी ८.४०

मालक, मनापासून आभार. मागे यायची वाट विंडोजमध्ये आहे, अपडेट हिस्टरीत खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असतं, पण मोठी नवीन आवृत्ती चढवली असेल तर मागे फिरायला फक्त दहाच दिवस मिळतात. तुम्ही म्हणता तसं समोर नाहीये हे खरं, आणि असायला हवं हेही खरं.

---

अक्षरजुळारी | रविवार, दुपारी १२.०५

सगळ्यांचे आभार, इतके लोक बोलतील असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगतो. काल सकाळी सातलाच दुकान उघडलं. डोंगलच्या कंपनीच्या साईटवर नवीन ड्रायव्हर होता, तो टाकल्यावर दिवा लागला. प्रिंटर काही नेटवर्कवर आला नाही, शेवटी लांब केबल आणून थेट माझ्या मशीनला जोडला. पाव्हणे दहाला आले. आत्याचं नाव घातलं, त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट फिरवत पत्रिका वाचली, शुभाशीर्वादवर थांबले, रफार बघितला आणि मान हलवली. पीडीएफ केली, प्लेटला गेली, मंगळवारी ६०० प्रती हातात येतील.

सर्व्हरखोलींनी सांगितलेल्यातलं माझ्या मशीनला लागू होतं ते सगळं केलं. धाकट्या भावाचं जुनं मशीन माळ्यावर होतं, ते उतरवून पुसून चालू केलंय, आता आधी त्याच्यावर अपडेट घ्यायचं, डोंगल लावून एक पत्रिका छापायची, 'शुभाशीर्वाद', 'कार्यालय', 'ज्येष्ठ', 'दर्शन' असे दहा-बारा शब्द असलेली, आणि रफार, जोडाक्षरं जागेवर दिसली तरच मुख्य मशीनला हात लावायचा. पूर्वाश्रमीची_टेस्टर ताई, तुमच्या टेबलाचं वाचूनच हे सुचलं. आणि प्रत्येक पत्रिकेची पीडीएफ आता प्रूफ पास झाल्या क्षणी करून ठेवणार, वडील पण जुळवलेलं पान रात्री दोऱ्याने बांधूनच घरी जायचे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारांना लाल खूण केलीय. पुढच्या महिन्यात तो ११ तारखेला येतो. त्या रात्री इथे येऊन लिहितो छापलं का ते.